हार्टी चषक

आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतातील माध्यमिक शाळांची वरिष्ठ गटाची हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश मैदानी खेळ) स्पर्धा. पूर्ण नाव डॉ. हार्टी चषक. कॅशेलचे आर्चबिशप जॉन हार्टी यांनी हा चषक दिला आणि 1918 मध्ये स्पर्धा सुरू झाली. कॉर्क, टिपेरारी, लिमरिक, क्लेअर, वॉटरफर्ड आणि केरी हे मन्स्टरचे सहा परगणे. त्यांपैकी केरीत फुटबॉलचे (हातापायांनी खेळल्या जाणाऱ्या आयरिश गेलिक फुटबॉलचे) राज्य असल्याने हार्टीची खरी चुरस बाकीच्या पाचांत असते.

हर्लिंगमध्ये प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात. अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, हॉकी स्टिकपेक्षा रुंद पात्याची काठी म्हणजे हर्ली आणि कातडी चेंडू म्हणजे स्लिटर. गोलखांबांमधून आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. धावफलकावर गोल आणि गुण वेगळे लिहितात. 2-12 म्हणजे दोन गोल व बारा गुण, एकूण अठरा. डोक्याच्या उंचीवर काठ्या फिरत असल्याने 2010 पासून सर्व वयोगटांना हेल्मेट सक्तीचे झाले आहे.

मोठ्यांचे हर्लिंग उन्हाळ्यात रंगते, तर हार्टीचा हंगाम ऐन हिवाळ्यात येतो. शरद ऋतूत गटसाखळीचे सामने, नाताळच्या सुट्टीनंतर उपान्त्यपूर्व फेरी आणि फेब्रुवारीत अंतिम सामना, असा अलीकडचा क्रम आहे. ओल्या, जड मैदानावर चेंडू हवा तसा उसळत नाही, वारा गुण पळवतो, आणि नुसते कौशल्य असलेल्या मुलांची परीक्षा होते. संघ एकोणीस वर्षांखालील मुलांचे. गेलिक खेळांचा (हर्लिंग, गेलिक फुटबॉल अशा आयरिश देशी खेळांचा) सारा डोलारा गावच्या क्लबवर, म्हणजे जवळपास चर्चच्या स्थानिक विभागागणिक (पॅरिशगणिक), उभा आहे. शाळेच्या संघात मात्र रविवारी एकमेकांविरुद्ध उतरणारी शेजारगावची मुले एकाच जर्सीत खेळतात. हार्टीला जो मान आहे, त्याचे मोठे कारण हेच असावे.

पहिला विजेता रॉकवेल कॉलेज. गंमत म्हणजे ही शाळा आज ओळखली जाते ती रग्बीसाठी. पुढे स्पर्धेवर छाप पडली ती ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंघाच्या शाळांची आणि बिशपच्या अखत्यारीतील निवासी महाविद्यालयांची. क्लेअरमधील एनिस येथील सेंट फ्लॅनन्स कॉलेजने 1944 ते 1947 असा सलग चार वेळा चषक जिंकला. 2020 मधील विजय धरून त्यांची विजेतेपदे 22 होतात. कॉर्कच्या नॉर्थ मोनॅस्टरीची विजेतेपदे वीस आहेत, शेवटचे 1994 चे. लिमरिकच्या ख्रिश्चन ब्रदर्स शाळेनेही 1964 ते 1967 अशी चौकडी साधली.

नॉर्थ मोनॅस्टरीचा सर्वांत प्रसिद्ध माजी खेळाडू जॅक लिंच. त्याने कॉर्कसाठी 1941 ते 1946 या काळात ओळीने सहा वर्षे अखिल आयर्लंड (परगण्यांच्या मोठ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेची) विजेतेपदाची पदके मिळवली, त्यांतले 1945 चे फुटबॉलचे. पुढे तो देशाचा पंतप्रधान झाला. अलीकडच्या काळात शाळा आणि परगणा यांचे नाते लिमरिकमध्ये सर्वाधिक उघड दिसते. आर्डस्कोल रीश या तिथल्या शाळेने 2010 मध्ये पहिल्यांदा हार्टी जिंकली आणि 2011 मध्ये ती राखली. त्या संघांतला डेक्लन हॅनन 2018 मध्ये लिमरिकचा कर्णधार होता. त्या वर्षी परगण्याने 45 वर्षांनी अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले. याचे सगळे श्रेय एका शाळेला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण परगण्याच्या स्वतःच्या युवा अकादमीचाही त्यात मोठा वाटा होता.

लहान शाळांपुढचा प्रश्न संख्येचा असतो. वॉटरफर्डमधील डनगार्वन येथील शाळांनी एकत्र संघ उभारून 2013 मध्ये हार्टी जिंकली. अशा संयुक्त संघांवर मोठ्या शाळा नाके मुरडतात, पण स्वतः त्या आसपासच्या बारा गावांतून मुले गोळा करतात हे विसरून चालणार नाही. महासाथीमुळे 2021 मध्ये स्पर्धा झाली नाही. 2023 चा अंतिम सामना टिपेरारीतल्याच दोन शाळांत झाला. त्यात कॅशेल कम्युनिटी स्कूलने थर्लसच्या ख्रिश्चन ब्रदर्स शाळेला हरवून आपली पहिली हार्टी घेतली. कॅशेलच्या आर्चबिशपांचा चषक कॅशेलच्या शाळेत यायला शंभरहून अधिक वर्षे लागली. 2024 मध्ये तो टिपेरारीतल्याच नीना येथील ख्रिश्चन ब्रदर्स शाळेकडे गेला. 2012 च्या पहिल्यानंतर त्यांचा हा दुसरा.

हार्टीचा विजेता पुढे क्रोक चषकासाठी, म्हणजे 1944 पासून चाललेल्या अखिल आयर्लंड शालेय स्पर्धेत खेळतो. तिथे गाठ पडते बहुधा किल्केनीच्या सेंट कीरन्स कॉलेजशी. क्रोक चषक सर्वाधिक वेळा जिंकणारी शाळा तीच. 17 मार्च 2022 रोजी, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, डब्लिनच्या क्रोक पार्कवर हार्टी विजेता आर्डस्कोल रीश त्यांच्यासमोर उतरला आणि हरला. मन्स्टरमध्ये मात्र हार्टीपुढे क्रोक चषक दुय्यम मानणारे लोक पुष्कळ सापडतील.