धुक्यात विमानाला वाट दाखवताना : ए-एसएमजीसीएस या विमानतळ-प्रणालीच्या चाचण्यांची पार्श्वभूमी

8 ऑक्टोबर 2001 रोजी सकाळी इटलीतील मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुके होते. उड्डाणासाठी निघालेल्या एका छोट्या सेस्ना विमानाने सांगितलेला टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीकडे नेणारी वाट, सोडून दुसराच धरला आणि ते थेट धावपट्टीवर आले. त्याच वेळी उड्डाणासाठी वेग घेत असलेले एमडी-87 जातीचे प्रवासी विमान त्याच्यावर आदळले. या अपघातात 118 जण मृत्युमुखी पडले. वाट चुकलेल्या वैमानिकाने वाटेत जमिनीवर रंगवलेल्या एका खुणेचे नाव नियंत्रण टॉवरला सांगितले होते, परंतु तशी खूण विमानतळावर आहे हेच नियंत्रकाला ठाऊक नव्हते. जमिनीवरची विमाने दाखवणारे जुने रडार त्याआधीच बंद करण्यात आले होते आणि नव्याची खरेदी होऊनही ते कार्यान्वित झालेले नव्हते.

धोका नवा नव्हता. 27 मार्च 1977 रोजी तेनेरीफ बेटावर दोन बोइंग 747 धुक्यात एकमेकांवर आदळून 583 माणसे गेली, त्या विमानतळावर जमिनीवरील रडारच नव्हते. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेने, म्हणजे आयकाओने, 1986 मध्ये जमिनीवरील हालचालींच्या मार्गदर्शनासाठी नियमपुस्तिका काढली. तिचा मुख्य आधार दिवे, फलक, रंगवलेल्या रेषा आणि ‘पाहा आणि दिसा’ हे तत्त्व होते. धुक्यात नेमके तेच लंगडे पडते. त्यामुळे टेहळणी, मार्ग ठरवणे, मार्गदर्शन आणि नियंत्रण ही चारही कामे एकत्र गुंफणाऱ्या प्रगत प्रणालीची कल्पना पुढे आली. तिचे लघुरूप ए-एसएमजीसीएस, आणि तिची स्वतंत्र पुस्तिका आयकाओने 2004 मध्ये प्रसिद्ध केली.

चाचण्या मात्र त्याआधीच सुरू झाल्या होत्या. ऑगस्ट 1997 मध्ये नासाने अटलांटा विमानतळावर बोइंग 757 वापरून कॉकपिटमधल्या नकाशावर टॅक्सीचा, म्हणजे विमानाने जमिनीवरून चालत जाण्याचा, मार्ग दाखवून पाहिला. युरोपात बीटा प्रकल्पाने प्राग, हॅम्बुर्ग आणि ब्राउनश्वाइग येथे प्रत्यक्ष विमानतळावर प्रयोग केले आणि 2004 पासून जर्मनीच्या डीएलआर या विमान व अवकाश संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली एम्मा प्रकल्पाने प्राग, मिलान-मालपेन्सा व तुलूज ही ठिकाणे निवडली.

पहिला प्रश्न साधा वाटतो : विमान पडद्यावर दिसते का? उत्तर किचकट निघाले. जमिनीवरील रडारला इमारतींच्या आड गेलेले विमान दिसत नाही आणि काही वेळा परावर्तनामुळे नसलेले विमान दिसते. म्हणून विमानाच्या ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे रेडिओवरून विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा, संदेश विमानतळावर विखुरलेल्या अनेक ग्राहकयंत्रांपर्यंत किती सूक्ष्म फरकाने पोहोचतो, यावरून त्याची जागा काढण्याची मल्टिलॅटरेशन पद्धत जोडण्यात आली. यामुळे ठिपक्याशेजारी विमानाचे नावही आले. परंतु अडचण यंत्रात नव्हतीच, सवयीत होती : उतरल्यावर ट्रान्सपॉन्डर बंद करण्याची वैमानिकांची जुनी सवय मोडल्याशिवाय ही पद्धत उपयोगी नव्हती. शिवाय पडद्यावरची जागा प्रत्यक्ष जागेपासून साडेसात मीटरहून अधिक हुकू नये, निदान शंभरातल्या 95 वेळा तरी, आणि माहिती दर सेकंदाला ताजी व्हावी, असे निकष ठरले. ते मोजायचे तर खरी स्थिती अचूक ठाऊक असलेले चाचणी-वाहन विमानतळभर फिरवावे लागते.

चालू विमानतळावर असे प्रयोग करणे सोपे नाही. नव्या पडद्यावर विसंबून नियंत्रकाने चूक केली तर ती चाचणीतली चूक राहत नाही. म्हणून आधी सिम्युलेटर, मग ज्यात नियंत्रक जुन्याच पद्धतीने काम करतो आणि शेजारी नवी प्रणाली नुसती चालू असते अशी सावलीतली चाचणी, आणि शेवटी प्रत्यक्ष वापर, अशा पायऱ्या रूढ झाल्या. त्या संथ आहेत, पण मला त्या योग्य वाटतात. मात्र जुने काढणे आणि नवे लावणे यांच्यात फट पडली तर काय होते, हे लिनातेने दाखवून दिले आहे. दुसऱ्या टप्प्यात, एम्मा-2 मध्ये, मार्ग आखून देणे व टॅक्सीची परवानगी आवाजाऐवजी डेटालिंकने, म्हणजे लेखी डिजिटल संदेशाने, पाठवणे यांची तपासणी 2009 पर्यंत चालली.

अखेर सर्वांत अवघड मोजमाप धोक्याच्या इशाऱ्याचे ठरले. इशारा फार लवकर दिला तर तो वारंवार खोटा ठरतो आणि लोक दुर्लक्ष करू लागतात. उशिरा दिला तर हाताशी सेकंदच उरत नाहीत. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे प्रवासी विमान धावपट्टीवर थांबलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले आणि दलाच्या विमानातील सहांपैकी पाच जण मरण पावले, तर प्रवासी विमानातील 379 जण जिवंत बाहेर पडले. धावपट्टी अडलेली आहे असा इशारा नियंत्रकाच्या पडद्यावर मिनिटभराहून अधिक काळ उमटत होता, पण तो लक्षात आला नाही. त्यानंतर काही दिवसांतच तिथे केवळ त्या पडद्याकडे पाहण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमण्यात आला.