'माझं नाव दशलक्ष': पोलिश साहित्यात 'मी' नसतोच का?

पोलिश साहित्य म्हणजे देशासाठी स्वतःला विरघळवून टाकणारी माणसं, हा समज फार जुना. पुरावा म्हणून हमखास कोनराड पुढे केला जातो. आदाम मित्स्केविचच्या 'जादी' या नाटकाच्या तिसऱ्या भागातला (1832) हा कैदी कवी म्हणतो, माझं नाव दशलक्ष, कारण दशलक्षांसाठी मी प्रेम करतो आणि यातना भोगतो.

पण ते स्वगत शेवटपर्यंत वाचणारे कमी. कोनराड तिथे नम्र नाहीच. तो देवाकडे माणसांच्या मनांवर सत्ता मागतो, म्हणजे लोकांच्या नावाने लोकांवरच राज्य! उत्तर येत नाही तसा तो देवाला 'झार' (पोलंडवर राज्य करणारा रशियन सम्राट) म्हणायला निघतो. तो शब्द पुरा करतो सैतान. कोनराड कोसळतो. पुढे दृष्टान्त होतो तो साध्या पाद्र्याला, फादर प्योत्रला. थोडक्यात, समाज गिळून बसलेल्या 'मी'ची झाडाझडती मित्स्केविचने स्वतःच घेतली आहे. (नाटकाचं नाव पितरांना जेवू घालण्याच्या विधीवरून आलंय, आपल्याला पितृपक्ष आठवावा असंच.)

पुढे कादंबरीकार वितोल्द गोम्ब्रोविचने तर उघड बंड केलं. 1939 साली महायुद्धामुळे तो अर्जेंटिनात अडकला आणि 1953च्या 'ट्रान्स-अटलांटिक' या कादंबरीत त्याने पितृभूमीसमोर 'पुत्रभूमी' हा शब्द उभा केला. वडीलधाऱ्या देशभक्तीच्या ओझ्याखालून तरुणांना सोडवणारा. परदेशातले पोलिश लोक भडकले, ते साहजिकच.