फुप्फुसाच्या कॅन्सरची जीन एक्स्प्रेशन टेस्ट ‘कॅन्सर नाही’ सांगायच्या कामाला कशी लागली

1970च्या दशकात छातीचे एक्स-रे आणि थुंकीची तपासणी पुन्हा पुन्हा करून बघितली गेली, कॅन्सर जास्त सापडले पण मृत्यू काही कमी झाले नाहीत, तेव्हापासून ‘लवकर पकडा’ या प्रकाराकडे डॉक्टर मंडळी जरा संशयानेच बघायची. 1995 मध्ये मायक्रोअरे आलं, म्हणजे पेशीतले बरेच जीन्स किती चालू आहेत (जीन एक्स्प्रेशन) ते एकदम मोजायचं तंत्र. 2001-02 च्या सुमाराला ॲडिनोकार्सिनोमावर (फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) जे गाजलेले पेपर आले ते ऑपरेशन करून काढलेल्या गाठींवरचे, म्हणजे गाठींचे उपप्रकार पाडा, स्टेज वनमधला (अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला) कोणता पेशंट जास्त जगेल याचा अंदाज बांधा, असलं काम. त्यात ‘अर्ली स्टेज’ सारखं येतं म्हणून आजही लोक ते लवकर निदानाचे पेपर म्हणून पुढे करतात, पण ज्याची गाठ ऑलरेडी कापून काढलीये त्याला कॅन्सर होता हे सांगायला जीन्स कशाला पाहिजेत?

2006 मध्ये स्टेज वनच्या कोणत्या पेशंटला केमो द्यायची हे ठरवायला म्हणून असाच एक जीन पॅटर्न फार डोक्यावर घेतला गेला, आणि 2011 मध्ये तो पेपर मागे घ्यायची वेळ आली कारण निकाल पुन्हा काढताच येईनात. त्याच टीमच्या दुसऱ्या एका कामात तर बाहेरच्या स्टॅटिस्टिशियन लोकांना जीन्सची यादी चक्क एक ओळ खाली सरकलेली सापडली. या प्रकरणाने सगळ्या क्षेत्राचंच नाव खराब झालं.

लवकर निदानाचा खरा धागा वेगळाच आहे. सिगरेटचा धूर काही फक्त गाठीच्या जागेवर जात नाही, अख्ख्या श्वासनलिकेला लागतो, मग गाठ जिथे नाहीये तिथल्या, मायक्रोस्कोपखाली नॉर्मल दिसणाऱ्या पेशींमध्येही काहीतरी बदललेलं असणार, असा तो विचार (तोंडाच्या कॅन्सरबाबत असलंच काहीतरी 1953 मध्ये मांडलं गेलं होतं). 2004 च्या एका अभ्यासात दिसलं की सिगरेट सोडून वर्षं झाली तरी श्वासनलिकेतले काही जीन्स पूर्वपदावर येतच नाहीत. 2007 मध्ये त्याच लोकांनी 80 जीन्सचा संच काढला, सेन्सिटिव्हिटी (कॅन्सर असलेल्यांना पकडायचं प्रमाण) 80 टक्के, स्पेसिफिसिटी (कॅन्सर नसलेल्यांना बरोबर सोडायचं प्रमाण) 84. प्रत्यक्षात काम असं की ब्रॉन्कोस्कोप (श्वासनलिकेत घालायची कॅमेऱ्याची नळी) आत आहेच, तर मुख्य श्वासनलिकेच्या चांगल्या दिसणाऱ्या भागावरून छोटा ब्रश फिरवायचा आणि लगेच प्रिझर्व्हेटिव्हमध्ये टाकायचा, कारण आरएनए (ज्यावरून जीन किती चालू आहे ते मोजतात तो रेणू) फार पटकन खराब होतो. फायदा हा की नोड्यूल (स्कॅनमध्ये दिसणारी छोटी गाठ) फुप्फुसाच्या पार टोकाला असला, जिथे स्कोप पोचतच नाही, तरी सॅम्पल मिळतं.

मग 2011 मध्ये अमेरिकेतल्या 53 हजारांवर लोकांच्या ट्रायलचे निकाल आले, कमी डोसच्या सीटी स्कॅनने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्के कमी. पण त्याच ट्रायलमध्ये सीटीचे जवळपास चौथा हिस्सा स्कॅन पॉझिटिव्ह निघाले आणि त्यातले 96 टक्क्यांहून जास्त कॅन्सर नव्हतेच. स्कॅन वाढले तसे नोड्यूलचे ढीग लागले, आणि जीन टेस्टवाल्यांचा प्रश्नच बदलला. ‘कॅन्सर कोणाला आहे’ राहिलं बाजूला, ‘यातल्या कोणाला हात न लावता सोडता येईल’ हे महत्त्वाचं झालं.

सगळा वाद आहे तो याच श्वासनलिकेच्या ब्रशवाल्या टेस्टच्या 2015 च्या निकालांवर. 639 पेशंट, सगळे कॅन्सरच्या संशयावरून ब्रॉन्कोस्कोपी झालेले, आणि त्यातल्या 43 टक्क्यांचं निदान नुसत्या ब्रॉन्कोस्कोपीत झालंच नाही. अशा निदान न झालेल्यांपैकी ज्यांना शेवटी कॅन्सर नव्हता त्यातल्या 35 टक्के लोकांना पुढे आणखी काही ना काही चिरफाडीची प्रोसिजर सोसावी लागली, म्हणजे उगाचच. जीन्स आता 23 च होते, पण कटऑफ मुद्दाम असा ठेवला की कॅन्सर सुटू नये: सेन्सिटिव्हिटी 88-89 टक्के आणि स्पेसिफिसिटी फक्त 47. लोक हा आकडा बघून हसले, नाणं उडवा म्हणाले, आणि तो शेरा मला तेव्हाही अर्धवट वाटला. कारण इथे ‘लो रिस्क’ आलं तरच काहीतरी करायचं होतं, बायोप्सी टाळून स्कॅनवर लक्ष ठेवायचं, बाकी निकालाला काही अर्थच दिला नव्हता. कॅन्सरची शक्यता आधीच 10 ते 60 टक्क्यांच्या मधली असेल आणि ब्रॉन्कोस्कोपीत काही सापडलं नसेल तर लो निकालानंतर कॅन्सर नसण्याची शक्यता 91 टक्के. विरोधकांचं म्हणणं असं की उरलेले शंभरातले 9 जण खोट्या दिलाशावर घरी जातात, त्याचं काय? रास्त प्रश्न आहे, पण ते घरी जात नाहीत, पुढच्या सीटीला येतात, निदान यायला हवेत. माझ्या मते जास्त टोचणारा मुद्दा दुसराच आहे: त्या अभ्यासातल्या बहुतेक लोकांना कॅन्सर होताच, आणि असा आकडा दुसऱ्या गर्दीत जसाच्या तसा नेता येत नाही. नंतरच्या एका रजिस्ट्रीत (टेस्ट झालेल्या पेशंटच्या नोंदींत) लो निकालावर डॉक्टरांनी प्रोसिजर रद्द केल्याचं दिसलं, पण ती काही रँडमाइझ्ड ट्रायल, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेली तुलना, नव्हती.

पुढे आरएनए सिक्वेन्सिंगवर (आरएनए थेट वाचायचं नवं तंत्र) बाराशेच्या वर जीन्सची आवृत्ती आली आणि ती रिस्क वाढल्याचंही सांगायला लागली. 2017 मध्ये नाकातल्या पेशींवर 30 जीन्सचा संच आला, ब्रॉन्कोस्कोपीची कटकटच नको म्हणून. रक्ताचं म्हणाल तर 2009 मध्येच पांढऱ्या पेशींमधल्या 29 जीन्सवर काम झालं होतं, ऑपरेशननंतर तो सिग्नल कमी होतो असंही दिसलं, पण रक्तातल्या पेशी सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट दम्यासारखा आजार), इन्फेक्शन, सूज, कशानेही बदलतात. आता रक्तातली चर्चा बरीचशी डीएनए मिथायलेशनने (डीएनएवरच्या रासायनिक खुणांच्या तपासणीने) पळवलीये. आणि पब्लिक डेटावर मॉडेल चालवून 98-99 टक्के ॲक्युरसी दाखवणारे पेपर तर विचारूच नका, गाठ आणि तिच्या शेजारचा नॉर्मल तुकडा ओळखायचा असतो त्यात.

स्क्रीनिंगचा, म्हणजे काही त्रास नसलेल्यांच्या तपासणीचा, आकडा वेगळाच आहे. त्या मोठ्या ट्रायलमध्ये सीटीच्या पहिल्या फेरीत साधारण शंभरात एकाला कॅन्सर निघाला. 47 टक्क्यांची स्पेसिफिसिटी तिथे लावली तर उरलेल्या 99 पैकी पन्नासहून जास्त लोक संशयितांच्या यादीत जातात, म्हणून तर नाकाच्या स्वॅबचं पुढचं कामही ज्यांच्या स्कॅनमध्ये नोड्यूल आधीच दिसलाय अशांवरच चालू आहे.