पुस्तक देताना आम्ही कोर्स कोड का विचारतो

कॉलेज सुरू झालं की आमच्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर रोज ऐकू येणारी मागणी म्हणजे, "बीए फर्स्ट इयरचं मराठीचं पुस्तक द्या." त्यावर आम्ही "मेजर की ओई? कॉलेज कुठलं? कोड आहे का?" असं विचारतो आणि काही पालक वैतागतात. पुस्तक समोरच्या फळीवर दिसत असताना चौकशी कशाला, असं त्यांना वाटतं. म्हणून हे पत्रक. कोर्स कोड म्हणजे प्रत्येक पेपरला दिलेली अक्षर-आकड्यांची खूण.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एकच विषय वेगवेगळ्या वाटांनी येतो. मराठी मेजर म्हणजे मुख्य विषय असू शकतं, मायनर म्हणजे दुय्यम विषय असू शकतं, दुसऱ्या शाखेच्या मुलाने घेतलेलं ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओई असू शकतं, किंवा भाषेच्या एईसीमध्ये (अ‍ॅबिलिटी एन्हान्समेंट कोर्स, म्हणजे क्षमता वाढवणारा कोर्स) असू शकतं. प्रत्येकाचा अभ्यासक्रम निराळा. बीकॉमच्या मुलीने ओईला मराठी घेतलं असेल आणि घरी मेजरचं पुस्तक गेलं, तर चूक कळते ती बहुधा परीक्षा तोंडावर आल्यावर. तोवर पुस्तकावर नाव पडलेलं असतं, पानोपानी पेनाच्या खुणा असतात. असं पुस्तक आम्हाला परत घेता येत नाही.

साताऱ्यात यात आणखी एक गुंता आहे. छत्रपती शिवाजी कॉलेज, धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज आणि यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत. जिल्ह्यातली इतर बरीच कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठ वेगळं की अभ्यासक्रमही वेगळा, त्यामुळे शेजारच्या मुलाचं पुस्तक बघून तेच मागू नका, दोघं एकाच वर्षाला असले तरी.

कोडमधल्या आकड्यांबद्दलही विचारणा होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या आराखड्यात १०० ते १९९ पायाभूत, २०० ते २९९ मध्यम, ३०० ते ३९९ वरच्या पातळीचे आणि ४०० ते ४९९ प्रगत कोर्स अशी मांडणी आहे, ५०० पासून पुढे पदव्युत्तर. पण सगळीकडे कोड याच पद्धतीचे असतात असं नाही. तेव्हा आकड्यावरून अंदाज बांधू नका, कोड जसा छापलाय तसा दाखवा. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला जो तक्ता असतो त्यात कोड, प्रकार, सेमिस्टर आणि क्रेडिट एकाच ओळीत मिळतात. परीक्षा फॉर्मवरचा कोडही चालेल.

क्रेडिटही बघत चला. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे दोन क्रेडिटचा पेपर ३० तासांचा आणि चारचा ६० तासांचा. दोन क्रेडिटचं पुस्तक पातळ दिसतं ते यामुळे, त्यात काही गाळलेलं नसतं.

"स्किलचं पुस्तक" मागताना व्हीएससी (व्होकेशनल स्किल कोर्स) की एसईसी (स्किल एन्हान्समेंट कोर्स) ते सांगा. व्हीएससी मेजरला जोडलेलं असतं, त्यामुळे मेजर कुठलं हेही लागतं. ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) आणि फील्ड प्रोजेक्ट हे प्रत्यक्ष करायचं काम आहे. त्याच्या नावाने कुणी गाइड दाखवलं तरी पैसे घालवू नका. फाइल आणि स्पायरल बाइंडिंग लागेल, ते आमच्याकडे होतं.

एटीकेटीवाल्यांनी मार्कशीट आणावी. संलग्न कॉलेजांत नवी रचना २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला आली, त्याआधीच्या पॅटर्नची पुस्तकं आम्ही वेगळ्या कपाटात ठेवली आहेत. त्यातली जुनी, वापरलेली पुस्तकं कमी किमतीत मिळतील.

तक्त्याचा फोटो आदल्या दिवशी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तर सगळा सेट बांधून तयार ठेवतो. कोरेगाव, वाईहून येणाऱ्यांनी तर हे जरूर करावं, एक फेरी वाचते. आणि कोड दाखवूनही आमच्याकडून चुकीचं पुस्तक गेलं, तर त्यावर नाव घातलेलं असलं तरी बदलून देऊ. बिल मात्र सोबत आणा.