लिनक्स हवं की नको? स्वस्त बोर्ड निवडताना

रास्पबेरी पाय हा एकाच बोर्डावर मावणारा छोटा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विक्रीला आला. ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी मेमरी एवढ्या भांडवलावर तो लिनक्स ही पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम चालवायचा. एबेन अप्टन आणि केंब्रिजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांना तो शाळकरी मुलांसाठी हवा होता, पण त्यावर उड्या पडल्या मोठ्या वयाच्या हौशी मंडळींच्या. मग ऑरेंज पाय, बनाना पाय, ओड्रॉइड असे कितीतरी बोर्ड आले आणि ‘कोणता घेऊ?’ हा प्रश्न सुरू झाला.

उत्तर शोधताना बहुतेक जण तक्ता उघडतात आणि किती कोअर, किती गिगाहर्ट्झ, किती जीबी ते पाहतात. माझ्या मते हे सगळं नंतरचं. आधी ठरवायचं ते हे, की आपल्या कामाला ऑपरेटिंग सिस्टीम लागणार आहे का?

कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजून पंप चालू करायचा असेल तर लागत नाही. तिथे आर्डुइनो, ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय पिको पुरतो. हे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय चालणारे छोटे बोर्ड. ते वीज मिळताच क्षणात कामाला लागतात, एकच प्रोग्रॅम अखंड चालवतात आणि मध्येच वीज गेली तरी त्यांचं काही बिघडत नाही. आर्डुइनो उनोची मेमरी जेमतेम २ केबी आणि वेग १६ मेगाहर्ट्झ. आकडे केविलवाणे वाटतात, पण ओलावा मोजायला तेवढे भरपूर झाले. उलट कॅमेऱ्यातलं चित्र ओळखायचं, घरभर फायली वाटायच्या, पडद्यावर काही दाखवायचं किंवा पायथनची मोठी लायब्ररी वापरायची असेल, तर लिनक्स चालवणारा बोर्डच घ्यावा.

या दोन जातींमधला फरक कळायला डीएचटी२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर छान उदाहरण आहे. तो आपलं मोजमाप एकाच तारेवरून स्पंदांच्या रूपात पाठवतो. साधारण २७ मायक्रोसेकंदांचा स्पंद म्हणजे शून्य, ७० मायक्रोसेकंदांचा म्हणजे एक. लिनक्स मात्र एकाच वेळी डझनावारी कामं सांभाळत असतं. नेमक्या त्या क्षणी ते दुसऱ्या कामाकडे वळलं तर एखादा स्पंद हुकतो आणि वाचन वाया जातं. चार कोअर असले तरी ही अडचण पुरती सुटत नाही, कारण कमी पडतो तो वेळेवर हजर राहण्याचा गुण. मायक्रोकंट्रोलरकडे दुसरं काम नसल्यामुळे हे त्याला सहज जमतं. बीगलबोन ब्लॅकने यावर एक हुशार तोड काढली. लिनक्स चालवणाऱ्या मुख्य प्रोसेसरच्या शेजारी, त्याच चिपमध्ये, २०० मेगाहर्ट्झचे दोन छोटे प्रोसेसर फक्त अशा वक्तशीर कामांसाठी ठेवले आहेत. हा बोर्ड आता जुना झाला, पण ही रचना मला अजूनही आवडते.

बॅटरीवर चालवायचं असेल तर निवड जवळजवळ आपोआपच होते. लिनक्स चालवणारा रास्पबेरी पाय झिरो नुसता बसून राहिला तरी सुमारे १०० मिलिअँपिअर घेतो. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्याला एक दिवसही पुरत नाही. ईएसपी३२ची चिप गाढ झोपेत सुमारे १० मायक्रोअँपिअरवर येते. त्या हिशेबाने तीच बॅटरी कागदावर वीसेक वर्षं चालेल! प्रत्यक्षात बॅटरी त्याआधी स्वतःच उतरते. शिवाय तयार बोर्डावरचा पॉवरचा दिवा, व्होल्टेज रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप झोपेतही वीज पीत राहतात, म्हणून झोपेतला आकडा चिपचा दिला आहे की अख्ख्या बोर्डाचा, ते वाचून घ्यावं.

लिनक्स हवंच असं ठरलं, की मग ब्रँडची चर्चा. ऑरेंज पाय किंवा तत्सम बोर्ड तेवढ्याच पैशांत जास्त मेमरी देतात आणि काही वेळा जास्त वेगही. पण हार्डवेअरबरोबर आपण ते चालवणारं सॉफ्टवेअरही घेत असतो, आणि खरी तफावत तिथे आहे. २०१२चा पहिला रास्पबेरी पाय आजही अधिकृत ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो. दुसरीकडे, निर्मात्याने एकदाच जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) प्रतिमा, म्हणजे कार्डावर उतरवायची ऑपरेटिंग सिस्टीम, तयार करून दिली आणि पुढे वळून पाहिलं नाही, असेही बोर्ड आहेत. अशा बोर्डांसाठी लिनक्स बनवणाऱ्या आर्मबियन या प्रकल्पाचे स्वयंसेवक यातल्या पुष्कळ बोर्डांना जिवंत ठेवतात, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. बोर्ड घेण्याआधी आर्मबियनच्या यादीत त्याचं नाव शोधा आणि निर्मात्याच्या शेवटच्या प्रतिमेची तारीख पाहा. तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असली तर मी तो बोर्ड घेणार नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

सतत भिंतीच्या प्लगवर राहणाऱ्या फाइल सर्व्हरसाठी जुना छोटा डेस्कटॉप हाताशी असेल तर तोच वापरावा. त्याला खरी हार्ड डिस्क जोडता येते आणि हवं ते लिनक्स मुकाट चालतं. बोर्डाची खरी गंमत सेन्सरसारख्या वस्तू जोडायच्या त्याच्या पिनांमध्ये आहे. पिना वापरायच्याच नसतील तर बोर्ड कशाला?

पिना वापरताना मात्र जपा. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्ट दिले तर प्रोसेसर कायमचा जाऊ शकतो. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर ५ व्होल्टचाच संदेश परत पाठवतो, म्हणून मध्ये १ आणि २ किलोओहमचे रोधक (रेझिस्टर) लावून व्होल्टेज उतरवावं लागतं. बदलतं व्होल्टेज मोजणारी अ‍ॅनालॉग पिन तर रास्पबेरी पायवर एकही नाही. त्यासाठी एमसीपी३००८सारखी, व्होल्टेजचा आकडा करून देणारी वेगळी चिप जोडावी लागते. स्वस्तातल्या उनोवर अशा सहा पिना आहेत. ईएसपी३२वरही त्या आहेत, पण वायफाय चालू असताना त्यातल्या अर्ध्याअधिक निकामी असतात.

उरला वीजपुरवठा आणि मेमरी कार्ड. लिनक्सच्या बोर्डाच्या बहुतेक गूढ आजारांचं मूळ इथेच असतं. रास्पबेरी पायचा ५ व्होल्टचा पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की कमी व्होल्टेजचा इशारा मिळतो. बारीक केबलचा जाऊन-येऊन रोध पाव ओहम धरला, तर २ अँपिअरला अर्धा व्होल्ट केबलमध्येच जिरतो आणि बोर्डापर्यंत पोचतात ४.५. रास्पबेरी पाय ५ची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला ५ व्होल्टवर ५ अँपिअर हवे असतात. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जरही ५ व्होल्टवर सहसा ३ अँपिअरच देतो, कारण जास्त शक्ती तो व्होल्टेज वाढवून पुरवतो. बोर्ड सुरू होतो, पण यूएसबीला मिळणारी वीज आखडती घेतो. कार्डाचं म्हणाल तर लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टीम बिघडू शकते. सतत नोंदी लिहिणाऱ्या प्रकल्पाला ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवणुकीची चिप) असलेला बोर्ड किंवा यूएसबीवरचा एसएसडी बरा.

झिरो किंवा पिको घेणार असाल आणि डाग देण्याची (सोल्डरिंगची) सवय नसेल, तर पिना आधीच जोडलेला प्रकार मागवा. त्याच्या नावाच्या शेवटी ‘एच’ असतो.