स्खेवेनिंगेनचा बँड : बेनी कार्टर युरोपात का गेला?

१९३७च्या उन्हाळ्यात हॉलंडमधल्या स्खेवेनिंगेन या समुद्रकाठच्या गावात काळा अमेरिकन जॅझवादक बेनी कार्टर स्वतःचा बँड घेऊन वाजवत होता. ट्रॉम्बोनवर स्कॉटलंडचा जॉर्ज चिझम, सॅक्सोफोनवर जमैकाचे बर्टी किंग आणि लुई स्टीफन्सन, पियानोवर अमेरिकन फ्रेडी जॉन्सन, शिवाय इंग्रज आणि डच वादक. गोरे-काळे एकत्र, आणि पुढारी काळा. अमेरिकेत तेव्हा असा बँड रोजच्या कार्यक्रमासाठी उभा करणं जवळपास अशक्यच होतं. आदल्याच वर्षी गोरा क्लॅरिनेटवादक बेनी गुडमननं शिकागोत काळ्या टेडी विल्सनला आपल्या त्रिकुटात पियानोवर बसवलं, तर तेवढ्याचीही केवढी चर्चा झाली!

कार्टर न्यूयॉर्कचा, जन्म १९०७चा. ऑल्टो सॅक्सोफोन हे त्याचं मुख्य वाद्य; ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटही तो तितक्याच सहजपणे वाजवायचा. पण त्याची खरी ताकद अरेंजमेंटमध्ये, म्हणजे कोणत्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहून काढण्यात होती. चार सॅक्सोफोन एकाच गळ्यातून गावेत अशी त्याची लिखावट. तरीही मंदीच्या त्या वर्षांत त्याला स्वतःचा बँड टिकवता आला नाही. १९३४मध्ये तो मोडला. युरोपला मात्र त्याचं नाव आधीच माहीत होतं. १९३३मध्ये स्पाइक ह्यूज हा ब्रिटिश संगीतकार न्यूयॉर्कला येऊन कार्टरच्या वादकांकडून आपल्या रचना वाजवून घेऊन गेला होता.

१९३५मध्ये कार्टर पॅरिसला विली लुइसच्या बँडमध्ये दाखल झाला. पुढच्या वर्षी समीक्षक लेनर्ड फेदरच्या खटपटीनं त्याला लंडनला हेन्री हॉलच्या बीबीसी डान्स ऑर्केस्ट्रासाठी अरेंजरची नोकरी मिळाली. अरेंजरचीच, कारण ब्रिटिश सरकारनं १९३५पासून अमेरिकन बँडना परवाने देणं बंद केलं होतं. अमेरिकेत ब्रिटिश बँडना वाव मिळत नाही, ही ब्रिटिश वादक संघटनेची तक्रार होती. ही बंदी पुढे वीसेक वर्षं टिकली. इतका मोठा वादक हाताशी असून ब्रिटिश श्रोत्यांना तो प्रामुख्यानं कागदावरच मिळाला, हे मला आजही खटकतं. लंडनमध्ये रेकॉर्डिंग मात्र झाली. ‘वॉल्ट्झिंग द ब्लूज’ त्यातलंच. तीन मात्रांच्या चालीत जॅझ बसवण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी ते एक.

हॉलंडच्या त्या मोसमाआधी, २८ एप्रिल १९३७ला, पॅरिसमध्ये एक रेकॉर्डिंग झालं. टेनर सॅक्सोफोनवर अमेरिकन कोलमन हॉकिन्स आणि फ्रेंच वादक आलिक्स काँबेल, ऑल्टोवर कार्टर आणि आंद्रे एकियान, गिटारवर जँगो राइनहार्ट. व्हायोलिनसाठी ओळखला जाणारा स्तेफान ग्रापेली त्या दिवशी पियानोवर. ‘क्रेझी रिदम’मध्ये चौघे सॅक्सोफोनवादक एकामागून एक येतात: एकियान, काँबेल, कार्टर आणि शेवटी हॉकिन्स. हॉकिन्सचं आवर्तन संपत आलं की मागून ‘गो ऑन, गो ऑन’ असा आवाज ऐकू येतो आणि तो आणखी एक आवर्तन घेतो. तो आवाज जँगोचा मानतात. पण ऐकताना फक्त हॉकिन्सची वाट बघू नका. त्याच्याआधी कार्टर जे वाजवतो, ते किती नेटकं आणि निवांत आहे, तेही कान देऊन ऐका.

अमेरिकन कलावंतांची ही वाट युरोपातच थांबत नव्हती. व्हायोलिनवादक लिऑन ॲबी युरोपात बँड चालवत होता; १९३५मध्ये तो बँड घेऊन मुंबईच्या ‘ताज’मध्ये आला. पुढे तिथं गोवन वंशाच्या मिकी कोरियाचा बँड आला. मुंबईत जॅझ वाजवणारी गोव्याची मंडळी सिनेमाच्या संगीतातही शिरली. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट या गोव्याच्या वादकाचा ट्रम्पेट वाजतो, तो याच परंपरेतून आलेला.

कार्टर १९३८मध्ये मायदेशी परतला, हॉकिन्स १९३९च्या उन्हाळ्यात. सप्टेंबरमध्ये युद्ध पेटलं. फ्रेडी जॉन्सन हॉलंडमध्येच राहिला आणि नाझींच्या कैदेत सापडला.

कार्टरनं न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये पुन्हा बँड उभा केला आणि नंतर लॉस एंजेलिसला सिनेमासंगीतात पाय रोवले. तिथं काळ्या आणि गोऱ्या वादकांच्या संघटना वेगवेगळ्या होत्या. त्या एक व्हाव्यात म्हणून पुढाकार घेणाऱ्यांत तो होता. १९५३मध्ये त्या एक झाल्या.