जनरल विम्फेन आणि सेदाँचा फिरवलेला हुकूम : पार्श्वभूमी

एमान्युएल फेलिक्स द विम्फेन (1811–1884) हा अल्जीरियात मुरलेला फ्रेंच सेनानी. क्रिमिया, 1859 ची इटली मोहीम, ओराँ प्रांताचा कारभार आणि 1870 च्या वसंतात मोरोक्को सीमेवरची चढाई. इथवर वाद घालण्यासारखे फारसे काही नाही. वाद आहे तो 1 सप्टेंबर 1870 च्या सकाळचा, म्हणजे फ्रान्स-प्रशिया युद्धातल्या सेदाँच्या लढाईचा.

पाचव्या कोअरची (अनेक डिव्हिजनांच्या सैन्यविभागाची) सूत्रे घ्यायला तो ऑगस्टअखेर आघाडीवर पोहोचला, तेव्हा त्याच्या खिशात युद्धमंत्र्याचे पत्र होते : सरसेनापती मॅकमहॉनचे बरेवाईट झाल्यास सैन्य विम्फेनने हाती घ्यावे. हे पत्र त्याने सरसेनापतीला दाखवले नाही. पहाटे सहाच्या सुमारास सरसेनापती जखमी झाला आणि त्याने सूत्रे पहिल्या कोअरचा प्रमुख द्युक्रो याच्याकडे दिली. द्युक्रोने आठच्या आसपास माघारीचा हुकूम काढला : इलीच्या पठारावर जमायचे आणि पश्चिमेला मेझिएर गाठायचे. नऊच्या सुमारास विम्फेनने पत्र पुढे केले आणि माघार रद्द केली. आधी जर्मन बाजूच्या बव्हेरियन फौजेला म्यूझ नदीत लोटायचे, मग पूर्वेला कारिन्याँकडे वाट काढायची, असा त्याचा बेत.

या एका हुकुमाने सैन्य बुडाले, असे सर्रास लिहिले जाते. नकाशा तसे सांगत नाही. पश्चिमेची वाट म्यूझचे वळण आणि बेल्जियमलगतचे जंगल यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून जाते. दाँशेरीचा पूल आदल्या दिवशीच उडवायचा होता. पण सुरुंगवाल्यांना घेऊन आलेली गाडी गोळाफेक होताच सुरुंगाची दारू न उतरवता निघून गेली. त्याच बाजूने दोन जर्मन कोअर रात्रीत नदीपार झाल्या आणि नऊपर्यंत याच वाटेवरच्या सँ-माँझजवळ आल्या. फार तर काही तुकड्या बेल्जियमात निसटल्या असत्या. विम्फेनचा खरा दोष वेळेचा. पत्र सहालाच दाखवायला हवे होते. अर्धी माघार झाल्यावर हुकूम फिरला आणि नुकत्याच सोडलेल्या जागा रक्त सांडून परत घ्याव्या लागल्या.

दुपारी त्याने बादशहा तिसऱ्या नेपोलियनला सैन्यासह बालाँच्या बाजूने कोंडी फोडायला बोलावले. बादशहाने त्याऐवजी पांढरे निशाण चढवले. विम्फेनने राजीनामा दिला, तो नामंजूर झाला. रात्री दाँशेरीत वाटाघाटी करून 2 सप्टेंबरला बेलव्ह्यूच्या वाड्यात सही त्यालाच करावी लागली. सुमारे 83,000 सैनिक कैदेत गेले. लढाईतच पकडलेले 21,000 वेगळे.

1871 मध्ये विम्फेन आणि द्युक्रो या दोन्ही सेनानींनी आपापली बाजू छापली. 1875 मध्ये विम्फेनने एका बोनापार्टवादी (बादशहाच्या घराण्याच्या बाजूच्या) पत्रकारावर बदनामीचा खटला भरला. पत्रकार निर्दोष सुटला.